माघारीचे व्याकरण

इंग्रजी शिकवणाऱ्याला सर्वांत अधिक छळणारा प्रकार कोणता, असे कुणी विचारले तर आम्ही क्षणाचाही विलंब न लावता त्या भाषेतील जोडक्रियापदांकडे बोट दाखवू. मूळ क्रियापद साधे, घरगुती; त्याच्या मागून येणारे अव्यय त्याहून इवलेसे; पण दोघांची गाठ पडली की तिसराच अर्थ जन्माला येतो. 'बॅक' म्हणजे पाठ किंवा मागे आणि 'आउट' म्हणजे बाहेर, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. 'बॅक आउट' म्हणजे नेमके काय, हे समजावताना मात्र वरच्या वर्गांतही आमचा खडू फळ्यापाशी थबकत असे. धुळ्यात अध्यापन करताना अनेक वर्षे आम्ही कोशातला अर्थ फळ्यावर लिहिला : माघार घेणे, अंग काढून घेणे. परीक्षेपुरते तेवढ्याने भागते. जगण्यापुरते भागते का, हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम इंग्रजीचा हिशेब पाहू. माघारीच्या बाबतीत ती भाषा अव्ययांच्या बळावर फार बारीक भेद करते. समोरच्याचा विरोध पाहून आपला दावा सोडून देणे म्हणजे 'बॅक डाउन'. एखाद्याच्या मागे लागण्याचे थांबवून त्याला मोकळे सोडणे म्हणजे 'बॅक ऑफ'. सैन्याने किंवा भागीदाराने आपली माणसे, आपला पैसा काढून घेणे म्हणजे 'पुल आउट'. ठरलेला कार्यक्रमच रद्द करणे म्हणजे 'कॉल ऑफ', आणि दुसऱ्यासाठी जागा मोकळी करणे म्हणजे 'स्टँड डाउन'. या गोतावळ्यात 'बॅक आउट'चे वैशिष्ट्य असे की त्याच्यापुढे बहुधा 'ऑफ' येतो. कशातून तरी बाहेर पडावे लागते. म्हणजेच आधी आत शिरलेले असावे लागते. ज्याने होकारच दिला नव्हता, त्याला 'बॅक आउट' करता येत नाही. या क्रियापदाच्या पोटात एक दिलेला शब्द दडलेला असतो, आणि म्हणूनच त्याला निंदेचा वास येतो.

मराठीत 'माघार' हा शब्द मुळात एवढा वाईट नाही. 'माघारी' म्हणजे परत, मागे. माणूस बाजारातून माघारी येतो, पाहुणा अर्ध्या वाटेवरून माघारी फिरतो, त्यात कुणाची मान खाली जात नाही. मावळे गनिमाला खिंडीत ओढण्यासाठी माघार घेत, तेव्हा तर ती युद्धनीतीच होती. निंदा करायची झाली की मराठी माणूस 'माघार' बाजूला ठेवतो आणि शरीराच्या अवयवांकडे वळतो. सभेतून, संकटातून हळूच निसटणारा काढता पाय घेतो. जबाबदारी टाळणारा अंग काढून घेतो. मदतीच्या वेळी नसल्याचे सोंग आणणारा हात वर करतो. आपल्या माणसांना सोडणारा पाठ फिरवतो, आणि ज्याची छातीच होत नाही तो कच खातो किंवा शेपूट घालतो. या साऱ्यांत 'बॅक आउट'च्या सर्वांत जवळचा वाक्प्रयोग कोणत्याही अवयवाचा नाही. तो आहे 'शब्द फिरवणे'. इंग्रजीने अव्यये वापरून जे केले, ते आपण पाय, हात, पाठ आणि शब्द यांच्याकडून करवून घेतले. आपली वर्गवारी माणूस कशातून बाहेर पडला याची नोंद घेत नाही. जाताना त्याने आपल्यापैकी काय काढून नेले, याची घेते.

आता आमच्या खानदेशात, धुळ्याच्या कॉलेजरोडवर काय आणि जळगावच्या बाजारपेठेत काय, 'त्याने ऐनवेळी बॅकआउट केले' असे वाक्य सहज कानी पडते. इंग्रजी न शिकलेली माणसेही ते वापरतात. हा शब्द इतका का रुजला, याचे आम्हांला वाटणारे कारण असे : त्याला धार नाही. 'तू शब्द फिरवलास' असे तोंडावर म्हटले तर भांडण होते, कदाचित दोन पिढ्यांचे बोलणे बंद होते. 'तुम्ही बॅकआउट केले' म्हटले की ते एखाद्या यंत्रातल्या बिघाडासारखे वाटते. इंग्रजीत ज्या शब्दाला डंख आहे, तो मराठीत आल्यावर मलम झाला. परक्या भाषेतील शब्द उसने घेण्याचे हे एक फारसे न बोलले जाणारे प्रयोजन आहे. आपल्या भाषेत जे उच्चारताना जीभ जड होते, ते दुसरीच्या अंगावर टाकून मोकळे व्हायचे.

या शब्दामागचे चित्र मात्र लक्षपूर्वक पाहण्याजोगे आहे. फलाटाला तोंड लावून उभी असलेली एस.टी. निघताना काय करते? ती मागे सरकत बाहेर पडते. वाहकाने मागे उभे राहून शिट्टी वाजवायची, 'येऊ द्या, येऊ द्या' म्हणायचे, आणि चालकाने फलाटावरच्या माणसांकडे तोंड ठेवूनच गाडी मागे न्यायची. शब्दशः घेतले तर हेच 'बॅक आउट' आहे. त्यात पाठ फिरवणे नाही. ज्यांना सोडून जायचे त्यांच्याकडे तोंड आहे, आणि मागे कोण उभे आहे याची चौकशीही आहे. व्यवहारात या शब्दाला पळपुटेपणाचा जो अर्थ चिकटला, तो या चित्राच्या नेमका उलटा आहे. हे चित्र आम्ही पुढे पुन्हा वापरणार आहोत.

कायद्याला माघारीचे वावडे नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. तो फक्त तिची वेळ विचारतो. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे पाचवे कलम असे आहे की, प्रस्ताव स्वीकारल्याचे कळवणे प्रस्ताव मांडणाऱ्यापुरते पूर्ण होण्याआधी त्याला आपला प्रस्ताव केव्हाही मागे घेता येतो, त्यानंतर नाही. म्हणजे उंबरठ्याच्या अलीकडे माघार हा हक्क, पलीकडे तो भंग. लोकप्रतिनिधित्वाच्या १९५१ च्या कायद्यात तर एक मौजेची तरतूद आहे. उमेदवाराला ठरलेल्या दिवशी दुपारी तीन वाजण्यापूर्वी लेखी सूचना देऊन उमेदवारी मागे घेता येते. पण एकदा ती सूचना दिली की ती रद्द करता येत नाही. माघारीतून माघार नाही. निवडणुकीच्या दिवसांत त्या तीन वाजेपर्यंत तहसील कचेऱ्यांभोवती ज्या विनवण्या, रुसवेफुगवे आणि धावपळ चालते, तिचे कारण या एका ओळीत आहे.

बाजाराची रीत कायद्याहून जुनी. घर किंवा शेत घेताना विसार दिला जातो. घेणारा फिरला तर विसार बुडतो, अशी समजूत दोन्ही बाजूंना असते. विसार म्हणजे शब्द फिरवण्याची आगाऊ ठरवलेली किंमतच. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात मात्र अनेकदा विसाराचाही आधार नसतो. व्यापारी बाग पाहतो, तोंडी भाव ठरतो, कापणीचा दिवस ठरतो, आणि मध्येच भाव कोसळला की तो फिरकत नाही. फोन लागत नाही. जमीन विकण्याचा व्यवहार मोडला तर जमीन जागेवर असते. केळीचा घड वाट पाहत नाही. शेतकरी अशा वेळी 'व्यापाऱ्याने बॅकआउट केले' असे म्हणत नाही, 'माल उचलला नाही' एवढेच म्हणतो. त्या वाक्यात व्यापाऱ्याचे मन, त्याचा शब्द, त्याची नीती यांची चर्चा नाही. शेतात पिकत चाललेला माल तेवढा आहे. माघारीचा खरा अर्थ ज्याच्या शेतात माल पडून राहतो त्याला विचारावा, असे आम्हांला त्या वाक्यावरून वाटत आले आहे.

हे सारे शब्दांचे चर्वण आम्ही का करीत आहोत, ते आता सांगतो. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यात नोकरी करते. तिचा साखरपुडा दिवाळीनंतर जळगाव जिल्ह्यातील एका घराण्यातील मुलाशी झाला. बोलणी झाली तेव्हा वरपक्षाचे वडीलधारे 'आम्हांला मुलगी आणि नारळ पुरे' असे चारचौघांत म्हणाले होते. वैशाखातली तिथी धरली, मंगल कार्यालयाचा विसार दिला, पत्रिका छापून आल्या. त्यानंतर एरंडोल-पारोळ्यामार्गे निरोप येऊ लागले. आधी पुण्यातल्या सदनिकेच्या पहिल्या रकमेला 'थोडा हातभार' हवा झाला. मग चारचाकीचा विषय निघाला. मग 'आमच्याकडे रीतच आहे' हे वाक्य आले. हुंडा मागणे हासुद्धा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे दोन्ही घरांतल्या शिकलेल्या माणसांना ठाऊक होते आणि दोन्हीकडे ते कुणी उच्चारीत नव्हते. बंधूंनी निवृत्तीच्या रकमेचा हिशेब मांडायला घेतला होता. लग्नाला तीन आठवडे उरले असताना मुलीने स्वतः त्या मुलाला फोन केला, तासभर बोलली, आणि रात्री घरी सर्वांना सांगितले की हे लग्न होणार नाही.

घरावर जे आभाळ कोसळले त्याचे वर्णन नको. आत्याबाईंनी डोक्याला हात लावला आणि म्हणाल्या, "पोरीनं बापाचा शब्द फिरवला." भाऊबंदांत 'मुलीने लग्न मोडले' अशी बातमी झाली. 'मोडले' या क्रियापदात मोडणारा हात दिसतो, आधीच गेलेला तडा दिसत नाही. मुलगी मात्र शांत होती. आम्ही भेटायला गेलो तेव्हा ती म्हणाली, "काका, मी बॅक आउट केलं, एवढंच. आता त्याला काहीही नाव द्या." त्या 'एवढंच'मध्ये थकवा होता. आणि तिने स्वतःसाठी निवडलेला शब्द इंग्रजीत दोषाचा होता, हे आम्हांला सोसवेना. आम्ही तिला विचारले, "ज्या बोलीला तू होकार दिला होतास, ती बोली शेवटच्या दिवशी तीच होती का?" ती म्हणाली, "नाही." "मग बाहेर कोण पडलं?" ती काही बोलली नाही, तिने चहा पुढे केला.

त्या दिवसापासून आमच्या मनात हा प्रश्न घोळतो आहे की, माघारींत भेद कसा करावा? शोध घेताना फार दूर जावे लागले नाही. माघारीवरचे मराठीतील सर्वांत प्रसिद्ध विवेचन धुळ्यातच झाले आहे, आणि तेही तुरुंगात. २१ फेब्रुवारी १९३२ पासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी धुळ्याच्या कारागृहात गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. गीतेची सुरुवातच एका माघारीने होते. सर्व तयारीनिशी रणात आलेला अर्जुन ऐनवेळी धनुष्य खाली ठेवतो. आजच्या भाषेत त्याने 'बॅकआउट' केले. विनोबा त्याला भित्रा म्हणत नाहीत. आणि त्याला अहिंसेचा साक्षात्कार झाला होता, हेही मान्य करीत नाहीत. ते एका न्यायाधीशाचा दाखला देतात. ज्याने शेकडो गुन्हेगारांना फाशी दिली, त्याच्यापुढे त्याचाच मुलगा खुनी म्हणून उभा राहिला, तेव्हा त्याला फाशीची शिक्षा किती अमानुष आहे याचे तत्त्वज्ञान सुचू लागले. युक्तिवाद कदाचित खरा असेल. पण तो त्या क्षणी सुचला तो ममतेमुळे. माघारीच्या कारणाची परीक्षा विनोबांनी अशी लावली : हेच कारण परक्याच्या बाबतीतही तुम्हांला पटले असते का?

ही कसोटी आम्ही पुतणीच्या बाबतीत लावून पाहिली. शेजारच्या मुलीकडे अशीच मागणी झाली असती तर ती काय म्हणाली असती? हेच. उलट वरपक्षाला लावली तर? त्यांच्या स्वतःच्या मुलीकडे कुणी 'रीत' मागितली असती तर ती त्यांना रीत वाटली असती का? येथे निकाल लागतो.

दुसरा दाखला जळगाव जिल्ह्यातला. डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन म्हणून त्याची कीर्ती आहे. पण त्याआधी घडलेली एक माघार तितकीच स्मरणीय आहे. त्या वर्षी जवाहरलालजींच्या समाजवादी भूमिकेवरून कार्यकारिणीत तट पडले होते. जूनअखेरीस वल्लभभाई, राजेंद्रबाबू, राजाजी प्रभृती सात जणांनी राजीनामे दिले होते आणि गांधीजींच्या सांगण्यावरून ते मागेही घेतले होते. पुढे फैजपूरच्या अध्यक्षपदासाठी वल्लभभाईंचे नाव पुढे आले असता त्यांनी जवाहरलालजींसाठी ते मागे घेतले. ते नुसते बाजूला झाले नाहीत. त्यांनी निवेदन काढून स्पष्ट केले की, या माघारीचा अर्थ जवाहरलालजींची सर्व मते आपल्याला मान्य आहेत असा घेऊ नये. जागा सोडली, मत सोडले नाही. एस.टी.च्या त्या चित्रात पाहायचे तर ही पूर्ण तोंड समोर ठेवून, सांगून-सवरून घेतलेली माघार. गुळमुळीत शब्दांचे पांघरूण तिला लागले नाही.

आणि तिसरा दाखला त्याच साने गुरुजींचा, ज्यांची लेखणी धुळ्याच्या तुरुंगात चालली. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलातील शिक्षकाची नोकरी त्यांनी १९३० मध्ये सोडली आणि ते सत्याग्रहात उतरले. सोडणे होते, पण कच खाणे नव्हते. ते अधिक कठीण जागी गेले. पुढे पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषणाचा निश्चय केला. सहकाऱ्यांच्या आग्रहाने त्यांनी ते पुढे ढकलले आणि काही महिने महाराष्ट्रभर हिंडून लोकमत जागे केले. त्या काळात 'गुरुजींनी माघार घेतली' असे म्हणणारे कुणी असेल, तर १ मे १९४७ रोजी त्याला उत्तर मिळाले. उपोषण सुरू झाल्यावर तर गांधीजींनी थांबण्यास सुचवले तरीही ते थांबले नाहीत. मंदिर खुले होण्याची खात्री पटल्यावरच त्यांनी ते सोडले. पुढे ढकलणे आणि मागे घेणे यांत फरक असतो. पण तो त्या दिवशी दिसत नाही, नंतरच्या वागण्याने सिद्ध करावा लागतो.

या तिन्ही दाखल्यांतून आमच्या हाती जे लागले ते थोडक्यात असे. माघार घेतली की नाही, हा प्रश्न फारसा उपयोगाचा नाही. जगात वावरणारा प्रत्येक जण ती केव्हा ना केव्हा घेतो. विचारायचे ते तीन प्रश्न. कारण आपल्यापुरते सोयीचे आहे, की परक्यालाही लागू पडेल असे? ते समोर तोंड करून सांगितले, की निरोपावर भागवले? आणि माघारीची किंमत कुणी मोजली, जाणाऱ्याने की मागे राहिलेल्याने? केळीचा व्यापारी तिन्ही प्रश्नांत नापास होतो. फैजपूरच्या अध्यक्षपदावरून बाजूला होणारे वल्लभभाई तिन्हींत उत्तीर्ण होतात. आमच्या पुतणीने कारण सांगितले, स्वतः फोन करून सांगितले, आणि किंमतही स्वतःच मोजते आहे. कार्यालयाचा बुडालेला विसार तिने वडिलांना आपल्या पगारातून परत केला. पुढच्या स्थळांच्या चौकशीत निघणारा 'तो विषय' ती अजून फेडते आहे.

मग तिच्या कृतीला शब्द कोणता? 'बॅक आउट' नव्हे. कारण ज्या बोलीत ती आत शिरली होती ती बोलीच दुसऱ्या बाजूने बदलली होती. इंग्रजीतच बोलायचे तर 'कॉल ऑफ' जवळचा. १९२२ च्या फेब्रुवारीत चौरीचौऱ्यानंतर गांधीजींनी असहकाराचे आंदोलन थांबवले, तेव्हा त्यांच्यावर अनेक सहकारी रागावले. पण ते थांबवण्याचा अधिकार त्यांचा नव्हता, असे फारसे कुणी म्हटले नाही. 'कॉल ऑफ' तोच करू शकतो ज्याची ती गोष्ट असते. आत्याबाईंच्या वाक्यात शब्द बापाचा होता. आमच्या मते लग्न मुलीचे होते, तेव्हा शब्दही तिचाच होता, आणि तो तिने फिरवला नाही, पाळला. 'मुलगी आणि नारळ' हीच बोली होती. त्या बोलीला शेवटपर्यंत चिकटून राहिलेली दोन्ही घरांतली ती एकटीच व्यक्ती.

मराठीत यासाठी नवा शब्द घडवण्याची आवश्यकता आम्हांला वाटत नाही. 'नकार' हा शब्द आहेच, आणि तो स्वच्छ आहे. अडचण शब्दकोशाची नाही, सवयीची आहे. मुलाकडून आले की ते 'जमले नाही' असते, मुलीकडून आले की 'मोडले' होते. व्यापाऱ्याकडून आले की 'बॅकआउट', शेतकऱ्याकडून आले की 'बेइमानी'. एकाच कृतीला माणूस पाहून क्रियापद लावण्याची ही जी रीत आहे, तिच्यातून बाहेर पडणे ही माघार ठरली तरी आम्हांला चालेल.